बातमीत ‘मोठा’ कधी राहतो आणि कधी कापला जातो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चार महिन्यांपासून तुम्ही कोल्हापुरात एका दैनिकाच्या जिल्हा पानासाठी बातम्या देताय. ‘पंचगंगेला मोठा पूर, राजाराम बंधारा पाण्याखाली’ या ओळीतला ‘मोठा’ डेस्कनं (कार्यालयात बातम्या तपासून मथळे देणाऱ्या विभागानं) कापला. पुढच्या आठवड्यात अंगणवाडी सेविकांच्या मोर्चाच्या बातमीत तुम्ही न लिहिलेला ‘मोठा’ मथळ्यात घातला. आणि तिसऱ्या, भिंत पडल्याच्या बातमीतलं ‘मोठा अनर्थ टळला’ जसंच्या तसं छापून आलं. पत्रकारितेच्या वर्गात ‘विशेषणं टाळा’ एवढंच सांगितलं होतं, मग इथला नियम काय, असं तुम्ही विचारलंय.

मी २४ वर्षं डेस्कवर आहे, त्यातली बहुतेक वर्षं कोल्हापुरात, जिल्हा पानांवर. रोज रात्री तालुक्यांतून येणाऱ्या कॉपीत, म्हणजे बातमीदारांच्या मजकुरात, जे विशेषण सगळ्यांत जास्त वेळा वाचते, ते ‘मोठा’च आहे. ‘भीषण’, ‘थरारक’, ‘खळबळजनक’ हे शब्द दिसले की कोणताही उपसंपादक सावध होतो. ‘मोठा’ साधा, घरातला शब्द आहे, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांवर न येता पानावर जातो. त्यामुळे तुमचा प्रश्न बारीक वाटला तरी मला तो महत्त्वाचा वाटतो.

‘विशेषणं टाळा’ हा सल्ला अर्धाच आहे. ‘मोठा’ टाळून बातमी लिहिता येत नाही आणि टाळायचं कारणही नाही. अडचण वेगळी आहे. पोराला बूट मोठा झाला असं आपण घरी म्हणतो तेव्हा पोराचा पाय समोर असतो. बातमीत बूट दिसतो, पाय दिसत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात एक माप असतं, पोलिसांच्या मनात दुसरं, मोर्चाच्या संयोजकांच्या मनात तिसरं, आणि वाचणारा आपल्या अनुभवाचं चौथं माप लावतो. तुमच्या तिन्ही उदाहरणांत हाच घोळ आहे. म्हणून मी ‘मोठा’ दिसला की एकच विचारते: कशाच्या मानानं मोठा, आणि हे कोण म्हणतंय? उत्तर कॉपीत असेल तर शब्द राहतो. नसेल तर बातमीदाराला फोन जातो.

पुरापासून सुरुवात करते, कारण कोल्हापुरात या शब्दाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. आपल्या शहरातला माणूस जुलै-ऑगस्टमध्ये ‘पूर आलाय का’ असं विचारत नाही. ‘बंधाऱ्यावर किती फूट झालं?’ असं विचारतो. भाजीवालीला, रिक्षावाल्याला, शाळेतल्या पोराला माहीत असतं की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्यात गेला, शहराचा रस्ता तुटला. ज्या वाचकाच्या डोक्यात हे आकडे बसलेत, त्याला तुम्ही ‘मोठा पूर’ म्हणालात की तो लगेच २०१९ आठवतो आणि प्रयाग चिखलीतल्या, आंबेवाडीतल्या पाहुण्यांना फोन लावतो.

आता तुमची ओळ पाहा. राजाराम बंधारा पाण्याखाली जाणं ही दर पावसाळ्यातली पहिल्या टप्प्यातली घटना आहे. नदी पात्राबाहेर पडण्याच्याही आधीची. एकाच ओळीत तुम्ही ‘मोठा पूर’ म्हणालात आणि पुरावा दिलात तो मात्र पाणी नुकतंच चढू लागल्याचा. डेस्कवर बसलेल्यानं ‘मोठा’ कापला ते बरोबर केलं. मी असते तर ‘पूर’सुद्धा कापला असता आणि लिहिलं असतं, ‘पंचगंगेची पातळी वाढली, राजाराम बंधारा पाण्याखाली’. बातमीच्या पोटात पहिल्या वाक्यात सकाळचे फूट-इंच, संध्याकाळचे फूट-इंच आणि इशारा पातळीला किती कमी, एवढं. कोल्हापूरकराला यापलीकडे विशेषण लागत नाही, तो स्वतःच ठरवतो.

पाणी ५० फुटांवर गेलं आणि ती बातमी मुंबई किंवा नागपूरच्या आवृत्तीसाठी लिहायची झाली तर मात्र हिशोब बदलतो. तिथल्या वाचकाला ‘५० फूट’ म्हणजे काय ते कळणार नाही. तिथे ‘मोठा पूर’ लिहावं, आणि लगेच धोका पातळी ४३ आहे हे सांगावं. एकच पाणी, एकच रात्र, पण एका पानावर शब्द कापायचा आणि दुसऱ्यावर ठेवायचा. त्यामुळे ‘पंचेचाळीस फुटांच्या वर मोठा लिहा’ असा तक्ता मी तुम्हाला देऊ शकत नाही.

विसर्गाचंही असंच आहे. ‘राधानगरीतून मोठा विसर्ग’ ही ओळ दर वर्षी येते. राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी पडतं, असे सात दरवाजे आहेत. सातही उघडले तर सुमारे दहा हजार क्युसेक. भोगावतीकाठच्या गावांसाठी हे खरंच मोठं आहे, त्यांनी नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी काढायच्या असतात, जनावरं हलवायची असतात. पण त्याच पानावर खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची बातमी असते आणि तिथला विसर्ग महापुरात लाखांत मोजतात. दोन्हीकडे ‘मोठा विसर्ग’ लिहिलं तर शिरोळचा वाचक गोंधळतो. म्हणून पाण्याच्या बातमीत मी तालुका प्रतिनिधींना सांगते की दरवाजे किती उघडले ते लिहा, क्युसेक लिहा, आणि ते पाणी साधारण किती तासांनी कुठे पोचणार हे पाटबंधारेच्या अधिकाऱ्याला विचारून लिहा. काठावरच्या माणसाला तेवढंच हवं असतं.

पावसाला तर दोन सरकारी मापं आहेत आणि दोन्ही माहीत असलीच पाहिजेत. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलीमीटरपासून पुढच्या पावसाला जोरदार म्हणतं, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की त्याहून वरचा वर्ग. महसूल खात्याची ‘अतिवृष्टी’ मात्र महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटर ओलांडले की होते, आणि पंचनामे, मदत या गोष्टी तिला जोडलेल्या असतात. बोलताना आपण ‘काल मोठा पाऊस झाला’ म्हणतो, ते ठीक. बातमीत ‘अतिवृष्टी’ हा शब्द ‘खूप मोठा पाऊस’ या अर्थानं सैल हातानं वापरू नका. शेतकरी तो वाचून तलाठ्याकडे जातो. आणि ७० मिलीमीटर पाऊस गगनबावड्यात जुलैमधला नेहमीचा दिवस असतो, शिरोळमध्ये तो पानावरची बातमी होतो, हेही विसरू नका.

आता गुन्ह्याच्या बातम्या. इथे ‘मोठा’ बहुतेक वेळा आपला नसतोच. तो प्रेसनोटमधून येतो. ‘गोवा बनावटीच्या दारूचा मोठा साठा जप्त’, ‘पथकाची मोठी कारवाई’, ‘मोठा मासा गळाला’. नोट लिहिणाऱ्याला आपल्या कामाचं कौतुक व्हावं असं वाटतं, त्यात गैर काही नाही. पण आपण तो शब्द अवतरणाशिवाय उचलला की तो आपला अभिप्राय होतो.

या प्रकारात एक गोष्ट नीट बघायला शिका. आजरा, चंदगड, गगनबावडा या बाजूंनी येणारी गोव्याची दारू पकडली की नोटमध्ये लिहिलेलं असतं, समजा, ‘एकूण २२ लाखांचा मुद्देमाल जप्त’. बातमीदार मथळा देतो, ‘२२ लाखांचा मोठा दारूसाठा पकडला’. पंचनामा मागवला की दिसतं, टेंपोची किंमत १५ लाख, दोन मोबाइल ५० हजारांचे, आणि दारू साडेसहा लाखांची. म्हणजे साठा साडेसहा लाखांचा आहे, मुद्देमाल वाहनासह २२ लाखांचा. दोन्ही आकडे खरे आहेत, मथळा मात्र खोटा झाला, आणि तो खोटेपणा ‘मोठा’ या शब्दाच्या आडून आत आला. मी असा मथळा एकदा पान छपाईला सुटण्याच्या वेळी पकडला. त्याआधी किती वेळा माझ्या हातून निसटला असेल याची आठवण अजून टोचते. म्हणून सवय लावा: ‘मोठा साठा’ दिसला की खोकी किती, बाटल्या किती, दारूची किंमत वेगळी किती. हे तीन आकडे लिहिल्यावर ‘मोठा’ बहुधा स्वतःच गळतो. उरलाच, तर ‘या वर्षातली जिल्ह्यातली सर्वांत जास्त किमतीची जप्ती’ असं पोलीस सांगतात का विचारा, आणि सांगत असतील तर ‘असे पोलिसांनी सांगितले’ हे शेपूट तोडू नका.

मोर्चाकडे येते, कारण तिथे डेस्कनं तुमच्या बातमीत शब्द घातला. आपल्या शहरानं मोठे मोर्चे पाहिलेत. १५ ऑक्टोबर २०१६ च्या मराठा क्रांती मोर्चात शहरातले रस्ते माणसांनी भरलेले ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनातलं ‘मोठा मोर्चा’चं माप तिथे जाऊन बसलंय. टोलविरोधी आंदोलनातल्या मोर्चांचंही तसंच. त्या मापानं बघितलं तर जिल्हा परिषदेवरचा सेविकांचा मोर्चा लहान. पण जिल्ह्यात त्या संघटनेच्या सेविका किती आणि त्यांतल्या किती आल्या, हे बघितलं तर निम्म्याहून जास्त कामावर न जाता आल्या असतील, आणि मग तो मोर्चा खरंच मोठा आहे. डेस्कनं ‘मोठा’ कशाच्या जोरावर घातला हे मला माहीत नाही. फोटो बघून घातला असेल, किंवा मथळ्याची ओळ भरायला घातला असेल. दुसरंही घडतं, ते लपवण्यात अर्थ नाही. दोन कॉलमी मथळ्यात एक शब्द कमी पडला की हाताशी येणारा पहिला शब्द ‘मोठा’ असतो.

गर्दी मोजायची एक साधी रीत तुम्ही शिकून घ्या, म्हणजे डेस्कला अंदाज करायची वेळ येणार नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी खिडकीतून दिसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सभांवरून ती बसवली. माणसं सैल उभी असतील तर एका माणसाला सुमारे १० चौरस फूट जागा धरायची, दाटीनं उभी असतील तर साडेचार. समजा मोर्चा थांबलाय तो रस्ता ६० फूट रुंद आणि भरलेली लांबी २०० फूट. म्हणजे १२,००० चौरस फूट. सैल गर्दी असेल तर १,२०० माणसं, दाट असेल तर सुमारे २,७००. संयोजक ‘दहा हजार’ म्हणत असतील तर त्यांचा आकडा त्यांच्या नावावर द्या, पोलिसांचा पोलिसांच्या नावावर, आणि तुम्ही स्वतः रस्ता पावलांनी मोजून काय दिसलं ते लिहा. चालणाऱ्या मोर्चाला ही रीत नेमकी लागू होत नाही. तिथे एका ठिकाणी उभं राहून पहिली रांग कधी आली आणि शेवटची कधी गेली ती वेळ टिपा. ‘मोर्चाचे टोक दसरा चौकात पोचले तेव्हा शेवट बिंदू चौकातच होता’ हे वाक्य कोल्हापूरच्या वाचकाला ‘मोठा’पेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

बाजाराच्या बातमीत काम सोपं आहे, टक्केवारी काढा. गुजरीतलं (आपल्या सराफ बाजारातलं) सोनं तोळ्याला दहा हजारांच्या आसपास होतं तेव्हा ५०० रुपयांची घसरण म्हणजे पाच टक्के, खरंच मोठी. भाव एक लाखावर गेल्यावर तेच ५०० रुपये अर्धा टक्का होतात. तरी ‘सोन्यात मोठी घसरण’ हा मथळा जुन्या सवयीनं पडतो. निवडणुकीतही तसंच. ग्रामपंचायतीत ३०० मतांचा फरक सबंध गाव हलवतो, लोकसभेला तो फेरमोजणीची मागणी घेऊन येतो. तिथे फरकासोबत झालेलं मतदान लिहिलं की काम झालं. युतीत ‘मोठा भाऊ कोण’ हा वाक्प्रचार मात्र वेगळा आहे. त्यात जागांचा आकडाही आहे आणि मानही. तो नेत्यांच्या तोंडचा म्हणूनच द्यावा.

आता तुमचं तिसरं उदाहरण. डेस्कनं ते जसंच्या तसं सोडलं, आणि मला तिन्हींत तेच सर्वांत जास्त खटकलं.

‘सुदैवाने मोठा अनर्थ टळला’, ‘मोठी जीवितहानी टळली’. अपघाताच्या, आगीच्या, पडझडीच्या बातमीची शेवटची ओळ अशी करायची आपल्याकडे सवयच आहे. मी डेस्कवर आले त्याला चार-पाच वर्षं झाली होती. पन्हाळा तालुक्यातल्या एका गावात रात्रीच्या पावसात मातीच्या घराची भिंत पडली. घरात सहा जण झोपले होते. एक म्हातारी गेली, बाकी पाच बाहेर निघाले. रात्री उशिरा आलेली चार ओळींची कॉपी मी लावली आणि शेवटी स्वतःच्या हातानं जोडलं, ‘सुदैवाने मोठी जीवितहानी टळली’. तिसऱ्या दिवशी त्या बाईंचा भाचा कार्यालयात आला. खिशातून घडी केलेला पेपर काढला, टेबलावर पसरला आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘ताई, आमची आत्ती गेली की ओ. आन् तुम्ही सुदैवानं लिवलाय.’ आवाज चढवला नाही. चहा घेतला नाही. पेपर परत घडी करून घेऊन गेला.

मी काय केलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. ‘मोठी’ टळली म्हणजे एक माणूस गेलं ते लहान. माझ्या मनात सहाच्या मानानं एक असा हिशोब होता. त्या घरात तसा हिशोब नव्हता. तेव्हापासून जिथे एकही मृत्यू झालाय तिथे ही ओळ माझ्या पानावर जात नाही. ‘भिंत कोसळून वृद्धेचा मृत्यू, घरातील पाच जण बचावले’ एवढं पुरतं. कुणीच गेलं नसेल, तर काय टळलं ते सांगा. शाळेचं छत रात्री पडलं, सकाळी दहाला त्या खोलीत ३० मुलं बसणार होती. एवढं लिहिल्यावर ‘मोठा अनर्थ’ हे शब्द वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतात, छापावे लागत नाहीत. तुमच्या बातमीत कुणी दगावलं होतं की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. दगावलं असेल, तर संध्याकाळी त्या गावच्या तुमच्या माणसाकरवी घरच्यांना भेटून या. बातमीच्या कामासाठी जाऊ नका, तसंच जा.

माणसांबद्दल लिहिताना हा शब्द आणखी नाजूक होतो. आपल्याकडे वयानं मोठ्याला ‘थोरला’ म्हणतात: थोरला भाऊ, थोरली जाऊ. पुण्यामुंबईच्या कॉपीत तिथे ‘मोठा’ असतो, आपल्या गावाकडच्या कॉपीत ‘थोरला’ येतो, आणि मी तो बदलत नाही. कारण ‘मयताचा मोठा मुलगा’ म्हणजे वयानं की मानानं हा प्रश्नच ‘थोरला’ने उरत नाही. ‘मोठा आजार’ म्हणजे खेड्यात बहुधा कर्करोग. लोक रोगाचं नाव घेत नाहीत. कुणी नातेवाईक बोलताना ‘मोठा आजार होता’ म्हणाला तर अवतरणात तसंच ठेवा. नाव उघड करायचं की नाही हे घरच्यांना विचारून ठरवा, अंदाजानं कंसात रोगाचं नाव घालू नका.

निधनाच्या बातमीतलं ‘मोठी पोकळी निर्माण झाली’ मी रोज कापते. गेलेल्याचा अपमान म्हणून नव्हे, उलट त्याच्याबद्दल त्यात काहीच सांगितलेलं नसतं म्हणून. याच मातीतलं उदाहरण घ्या. शाहू महाराजांना ‘मोठे समाजसुधारक’ म्हटल्यानं विद्यार्थ्याला काय मिळतं? २६ जुलै १९०२ ला त्यांनी करवीर संस्थानात मागासवर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला पैशाचं साहाय्य केलं, हे लिहिलं की मोठेपण दिसतं. गावातला निवृत्त शिक्षक गेला तरी हीच रीत. किती वर्षं कुठल्या शाळेत होते, वाडीवरून शाळेपर्यंत पोरं आणायला स्वतः जायचे का, हे शोधा. एक फोन जास्त लागतो.

‘सर्वांत मोठा’बद्दल तर वेगळा धडा द्यायला हवा, पण एका उदाहरणावर भागवते. आपल्या पोलीस उद्यानातला ३०३ फुटी ध्वजस्तंभ १ मे २०१७ ला उभा राहिला. त्या आधी दोनच महिने अटारी सीमेवर ३६० फुटांचा स्तंभ झाला होता, म्हणून आपला देशातला दुसरा, असं सगळीकडे छापून आलं. मार्च २०१८ मध्ये शेजारच्या बेळगावात ३६१ फुटांचा उभा राहिला. वर्षही पुरं झालं नव्हतं. तरी त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे येणाऱ्या कॉपीत ‘देशातील दुसरा सर्वांत मोठा’ हे जुन्या कात्रणातून उचलून येत होतं. त्यात ‘मोठा’ हा शब्दही चुकला होता. स्तंभ उंच असतो, ध्वज मोठा असतो, आणि दोन्हींचे क्रमांक वेगळे असू शकतात. ‘सर्वांत मोठा’ लिहायचं तर कशात मोठा (उंचीत, क्षेत्रफळात, खर्चात), कुठवर मोठा (गावात, जिल्ह्यात, राज्यात) आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तिन्ही कागदावर असले पाहिजेत. नसतील तर फक्त ‘३०३ फूट उंचीचा’ लिहा. तो आकडा उद्या कुणी दुसरा स्तंभ उभारल्यावरही खराच राहतो.

‘मोठा’ कापला म्हणजे त्याच्या जागी ‘प्रचंड’ किंवा ‘विराट’ घालायचं, असा समज करून घेऊ नका. नवीन मुलं हे हमखास करतात. मराठीत प्रत्येक नामाची आपली जोडी ठरलेली आहे: वाढ घसघशीत, यश घवघवीत, विजय दणदणीत, पीक भरघोस. या जोड्या कानाला बऱ्या लागतात म्हणून आकडा न बघता हात तिकडे वळतो. तीन टक्के पगारवाढ झाली तरी ‘घसघशीत’ पडतं. ज्या कर्मचाऱ्याला ती तीन टक्के मिळाली तो सकाळी चहा पिताना तो मथळा वाचतो, हे लक्षात असू द्या.

हे सगळं काही वेळा जमत नाही, तेही सांगते. रात्री अकराला आजऱ्याहून फोन येतो, वादळानं काजूच्या बागा झोपल्यात, पंचनामा दोन दिवस होणार नाही. तिथे ‘मोठे नुकसान’ लिहिण्याशिवाय इलाज नसतो, आणि ते खोटंही नसतं. मग ‘मोठे नुकसान झाल्याचे शेतकऱ्यांनी सांगितले’ असं नाव लावून लिहायचं, आणि पंचनामा आल्यावर आकड्यांसह दुसरी बातमी द्यायची. पहिली देऊन दुसरी विसरणं हा आपल्या धंद्यातला नेहमीचा दोष आहे. वेबसाइटवरचं ‘मोठी बातमी’ हे तर विशेषण राहिलेलंच नाही, ती पाटी आहे. तिथे तुमचा आवाज चालणार नाही, पोटातल्या मजकुरावर मात्र चालतो.

तर तुमच्या तीन ओळी. पुराच्या ओळीत डेस्क बरोबर होतं. मोर्चाच्या ओळीत कदाचित बरोबर होतं, पण त्यासाठी लागणारा आकडा तुम्ही द्यायला हवा होता. भिंतीच्या ओळीत डेस्क चुकलं, आणि तुम्हीही.

डेस्कनं शब्द घातला आणि तो पटला नाही, तर नुसतं ‘मला हे मोठं वाटत नाही’ म्हणू नका. ‘साधारण १,२०० जणी होत्या, रस्ता मी मोजलाय, वहीत आहे’ असं म्हणा. आणि दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेऊन येऊ नका. संध्याकाळी बातमी पाठवल्यावर साडेनऊच्या सुमारास डेस्कला एक फोन करून मथळा विचारा. जिल्हा पानं साधारण दहा-साडेदहाला सुटायला लागतात. त्या आधीच्या अर्ध्या तासात उपसंपादकाला शब्द बदलायला वेळ असतो, आणि आकडा घेऊन आलेल्या बातमीदाराचं तो ऐकतो.